आयसम गेला की नेला

कॉटनवुड लँडिंग, मिसिसिपी
१६ ऑक्टोबर १९२७

ओडेसा,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. दुसरा कागद घेतला नाही. खोडलेलं तुला दिसू दे.

काल शनिवारी इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन मी टॉलिव्हरच्या सलूनवरून चालले होते. शनिवारी तिथे काय गर्दी असते ते तुला सांगायला नको. भिंतीवरची पुराच्या गाळाची रेघ अजून कमरेइतकी उंच दिसते, पण पठ्ठ्याने ग्रामोफोन नवा आणलाय. आतून एका बाईचं गाणं ऐकू आलं आणि माझे पाय रस्त्यातच रुतले. आवाज आपल्या घरातला होता. चाल माझी होती. नाव माझ्या नवऱ्याचं होतं.

टॉलिव्हर हातात वस्तरा घेऊन दारात आला. म्हणाला, "ये ये, एल्नोरा! बहिणीने नाव काढलं बघ. म्हणजे तुझ्या नवऱ्याचं!" खुर्चीत बसलेला तो लांड्या मानेचा रूफस, तोंडाला फेस तसाच, मला विचारतो, "दुसरी कोण होती गं? होडीत जागा तरी कशी झाली तिघांना?" सगळं दुकान हसलं. मीही उभी राहिले गं, मूर्खासारखी. कारण मला वाटलं पुढच्या कडव्यात तरी खरं येईल. आलं नाही. तबकडी संपली आणि नुसती खरखर उरली.

मी काय रचलं होतं?

'पाणी आलं दारी गं, पाणी आलं उशाशी,
आयसम माझा नेला गं, बंदूक त्याच्या पाठीशी.'

आणि तू काय गायलीस?

'पाणी आलं दारी गं, पाणी आलं उशाशी,
आयसम माझा गेला गं, दुसरी घेऊन कुशीशी.'

एक अक्षर, ओडेसा. 'नेला'चं 'गेला' केलंस आणि माझ्या माणसाला गावभर बदफैली ठरवलंस.

शिकागोत तुझी आठवण पातळ झाली असेल, म्हणून सांगते. एप्रिलमध्ये गोऱ्यांनी आपल्याकडच्या सगळ्या पुरुषांना बंदुकीच्या धाकावर नदीच्या बांधावर नेलं होतं. रात्रंदिवस वाळूची पोती. मग बांध फुटला. मी आणि आई छपरावर. आयसम बांधावर बांधलेली कुणा मळेवाल्याची होडी सोडवून घेऊन आला. आम्हा दोघींना काढलं, शेजारच्या हॉबसनांची चार माणसं काढली, उंचावर नेऊन सोडलं. आणि दुसऱ्या दिवशी तो वेडा होडी परत द्यायला गेला! दुसऱ्याची वस्तू आहे म्हणाला. तिथेच धरला. होडी चोरली म्हणून पाच वर्षं. तुरुंगाच्या शेतावर.

जूनमध्ये आई छावणीतल्या तंबूत तापाने गेली, तेव्हा तू मातीला आलीस. मी कपडे धूत हे गाणं म्हणत होते. तू माझ्यासमोर बसून ऐकलंस. देवळात मिळालेल्या पुठ्ठ्याच्या हातपंख्याच्या पाठीवर पेन्सिलीने उतरवून घेतलंस. चोरटे लोक निदान पाठ फिरल्यावर चोरतात.

तबकडीवरचा कागद मी वाचून आले. मोठ्या सोनेरी अक्षरांत 'मिस डेसी'. त्याखाली बारीक अक्षरांत, गाणं कोणाचं, तर म्हणे पी. लँगडन. कोण हा लँगडन? त्याच्या उशाशी कधी पाणी आलं होतं?

उत्तर दे.

एल्नोरा

*

७ नोव्हेंबर १९२७

ओडेसा,

तू पाठवलेली टोपी परत पाठवते आहे. हिरवी मखमल, वर पीस, सगळं सुंदर आहे. आपल्या गल्लीत ती घालून मी कुठे जाऊ? तुरुंगाच्या फाटकावर?

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू म्हणतेस, लँगडन कंपनीचा माणूस आहे, गाणी निवडतो, आणि जे निवडतो त्यावर आपलं नाव घालतो, ती तिथली रीतच आहे. तू म्हणतेस, आधी तू बरोबरच गायली होतीस. तो काचेआडून बाहेर आला आणि म्हणाला, "बाई, बंदुका नकोत. बंदुका आल्या की दक्षिणेत एक दुकानदार तबकडी ठेवणार नाही. पळून गेलेला नवरा आण. पळालेला नवरा सगळ्यांना आवडतो." आणि तू आणलास. तू लिहितेस, "मला वाटलं, नोरा, निदान चाल तरी जगेल."

चाल जगली, बाई. उत्तम जगली. कुठे जगली ते ऐक.

काल महिन्याचा पहिला रविवार, भेटीचा दिवस. मी पहाटे निघाले, थोडं हॉबसनांच्या गाडीतून, नऊ मैल पायी. मक्याची भाकरी आणि गोड बटाटे बांधून नेले होते. कुंपणाशी बायका रांगेत उभ्या. नावं पुकारली की आतून माणूस येतो. आयसमचं नाव पुकारलं. कोणी आलं नाही. पुन्हा पुकारलं. मग शिपाई म्हणाला, "येत नाही म्हणतोय. पुढची!"

मी हललेच नाही. मागची बाई म्हणाली, "बाई गं, सरक, माझा वाट बघतोय." तिचं बरोबरच होतं.

फाटकाशी जूबल नावाचा एक म्हातारा कैदी लोकांना पाणी देतो. त्याने डबा माझ्यापुढे धरला आणि ओठ न हलवता सांगितलं. कप्तानाने ग्रामोफोन आणलाय. संध्याकाळी शेतावरून माणसं परतली की ओसरीत बसून तो तुझी तबकडी लावतो. त्याला कळलंय की गाण्यातला आयसम तो हाच. आयसमला रांगेतून बाहेर काढतो, पायरीखाली उभा करतो आणि सगळी तबकडी संपेपर्यंत उभा ठेवतो. बाकीचे आता त्याला 'पळपुट्या' म्हणतात. जूबल म्हणाला, "पोरी, वाईट वाटून घेऊ नकोस. पण तुझ्या घरच्यांनीच हे केलंय म्हटल्यावर माणूस तोंड कसं दाखवेल?"

तुझ्या घरच्यांनी. ऐकलंस?

अठ्ठावीस वर्षं आपण एका आईच्या लेकी. तू दीड वर्षाची असताना तुला काखेत घेऊन मी कापूस वेचलाय. तुला पहिलं गाणं मी शिकवलं. आणि आज एक तुरुंगाचा कप्तान माझ्या नवऱ्याला छळायला माझं गाणं वापरतो, तुझ्या गळ्यातून. याला मी काय म्हणू? तू शहरात शिकलीस, तूच शब्द सुचव.

भाकरी जूबलला दिली. आयसमला पोचली का कोण जाणे.

एल्नोरा

*

२३ फेब्रुवारी १९२८

ओडेसा,

तुझ्या जानेवारीच्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. ठरवलेलं मोडते आहे, कारण एक गोष्ट घडली आणि ती तुझ्याशिवाय कोणाला कळणार नाही.

गेल्या आठवड्यात ग्रीनव्हिलला तबकड्यांची एक कंपनी आली. तुझी नव्हे, दुसरी. फर्निचरच्या दुकानाच्या माडीवर खिडक्यांना गोधड्या ठोकून त्यांनी खोली केली होती. ज्याला गाता-वाजवता येतं त्याने यावं, अशी दवंडीच पिटली होती म्हण. मी दोन दिवसांची धुणी पुढे ढकलून गेले. जिन्यावर गिटारवाले, माउथ-ऑर्गनवाले, एक पाद्री, त्याच्यामागे पाच बायकांचं भजनी मंडळ. मी एकटीच मोकळ्या हाताने.

माझी पाळी आली. समोर मोठं भोंग्यासारखं काही असेल असं वाटलं होतं. एवढीशी डबी निघाली. कंपनीचा माणूस वयस्कर होता, सभ्य होता, खोटं कशाला बोलू. म्हणाला, "घाबरू नका. शेजारणीला ऐकवता तसं म्हणा." मी म्हटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, बंदूक, बांध, होडी, पाच वर्षं, सगळं. डोळे मिटून म्हटलं.

डोळे उघडले तर त्याने यंत्र चालूच केलं नव्हतं.

"आवाज चांगला आहे तुमचा," तो म्हणाला. "पण हे गाणं येऊन गेलंय. मिस डेसीचं. चाल त्या लोकांच्या नावावर आहे."

मी म्हटलं, "माझं आहे ते. मी रचलंय."

"असेल. तिच्याहून चांगलं म्हणता. पण लोक म्हणतील, नक्कल आहे. दुसरं काही आहे?"

नक्कल! माझ्या नवऱ्याची, माझ्या छपराची, माझ्या आईच्या तापाची मी नक्कल करते! मी म्हटलं, "दुसरा नवरा नाही माझ्याकडे, साहेब." आणि जिना उतरले. पाद्रीबुवांच्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या.

घरी येताना नऊ वेळा तुला शिव्या दिल्या. दहाव्यांदा तुझं जानेवारीचं पत्र आठवलं.

तू दोन गोष्टी लिहिल्या होत्यास. पहिली, "नोरा, मी चोरलं नाही. मी विचारलं होतं, हे मी म्हणू का? तू हो म्हणालीस." हो. म्हणाले होते. पिळलेली चादर झटकत म्हणाले होते, "म्हण की, तेवढंच कोणी ऐकेल." पहिल्या पत्रात मी हे लिहिलं नाही. आणखी एक लिहिलं नाही. त्या शनिवारी दुकान हसून मोकळं झाल्यावर मी टॉलिव्हरला म्हटलं, पुन्हा लाव. त्याने लावली. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी शब्दांकडे लक्षच दिलं नाही मी. आपल्या आईचा श्वास घेतेस तू, ओळ तोडताना. ते ऐकत होते.

दुसरी गोष्ट तू लिहिलीस ती वाचून मी पत्र चुलीत घालणार होते. तू लिहिलंस, "माझ्या गाण्यात खोटं आहे, मान्य. पण तुझ्या गाण्यात तरी सगळं खरं कुठे आहे? प्रेंटिसकाकांकडे निरोप कोणी दिला होता?"

मातीच्या दिवशी काकांनीच तुला सांगितलं असणार. दिला होता मी. बांध फुटायच्या आदल्या दिवशी अंगणात पाणी चढायला लागलं. आई रडायला लागली. मी काकांना खेचरावर बसवलं आणि म्हटलं, "आयसमला सांगा, असेल तसा निघून ये. नाही आलास तर आम्हाला मेलेल्या समज." बांध सोडणाऱ्याला काय शिक्षा आहे हे मला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. तरी पाठवला.

म्हणून मी 'नेला' म्हणते, ओडेसा. 'नेला' म्हटलं की दोष बंदुकीचा. 'मी बोलावला' हे कुठल्याच चालीत बसत नाही. बसवून पाहिलं.

पण तुला सांगते, माझी लबाडी माझ्या घरात होती. तुझी दर संध्याकाळी कप्तानाच्या ओसरीत वाजते. दोन्ही सारख्या म्हणू नकोस.

चार महिने झाले, आयसम कुंपणाशी येत नाही. दर पहिल्या रविवारी मी जाते, नाव पुकारतात, मी परत येते.

नोरा

*

२ एप्रिल १९२८

ओडेसा,

टॉलिव्हरचा चुलतभाऊ रेल्वेत हमाल आहे, तो शिकागोहून आला. त्याने सांगितलं की मार्चमध्ये तुझ्या थेटरात तू ऐन खेळात बँडवाल्यांना थांबवलंस आणि 'नेला' म्हटलंस. बंदूक, बांध, होडी, सगळं. समोर निम्मे लोक आपल्याकडचेच, पुरातून उठून गेलेले. तो म्हणाला, टाळी एक नाही. माणसं टोप्या काढून उभी राहिली. एक म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, "आता बोललीस, बाळे!" दुसऱ्या दिवशी मालकाने तुला काढलं आणि कंपनीनेही दार लावून घेतलं. हे तू मला एका अक्षराने कळवलं नाहीस. त्याबद्दल शाबासकी हवी असेल तर मिळणार नाही. जे पहिल्यांदा करायचं ते तू नऊ महिन्यांनी केलंस. पण मी ऐकलं, आणि टॉलिव्हरच्या दुकानात, त्या रूफससमोर, त्या हमालाला ते दोनदा सांगायला लावलं. या खेपेला कोणी हसलं नाही.

आता खरी गोष्ट.

काल पहिला रविवार. नाव पुकारलं आणि आयसम आला.

वाळलाय. डोक्यावरचे केस काढलेत, कान मोठे दिसतात. तारेपलीकडे उभा राहिला आणि म्हणाला, "नोरा, बूट फाटलाय तुझा." पाच महिन्यांनी पहिलं वाक्य! मी तिथेच भांडायला सुरुवात केली. म्हटलं, "तू माझं तोंड बघायचं टाकलंस. एका तबकडीवर विश्वास ठेवलास. माझी बहीण मूर्ख आहे, मी नाही."

तो गोंधळला. "तबकडीवर? मी तुझ्यावर कुठे रागावलो?"

"मग आला का नाहीस?"

"कप्तान म्हणाला, बायकोला भेटायचंय तर आधी त्या गाण्यावर नाचून दाखव, सगळ्यांसमोर. मी म्हटलं, नाही भेटत." त्याने मान खाली घातली. "आता त्याची बदली झाली. नवा आहे त्याला गाण्याचं वेड नाही."

पाच महिने, ओडेसा. पाच महिने मी मनातल्या मनात त्याची समजूत घालत होते, आणि हा माणूस आत एकटा उभा राहून नाही म्हणत होता.

मग मी त्याला निरोपाचं सांगितलं. म्हटलं, "आयसम, तुला इथे मी घातलंय. प्रेंटिसकाकांकडे मी निरोप दिला नसता तर तू बांध सोडला नसतास."

"कसला निरोप?"

"निघून ये म्हणून."

"प्रेंटिसकाका माझ्यापर्यंत आलेच नाहीत," तो म्हणाला. "पाणी बघून वाटेतूनच फिरले असतील."

फिरलेच असणार. शरमेने कोणाला बोलले नाहीत, मातीच्या दिवशी तुलाही अर्धंच सांगितलं. त्यांचं मी वेगळं बघेन.

"मग तू आलास कसा?" मी विचारलं.

आयसम हसला. पूर्वी हसायचा तसा, एका बाजूने. म्हणाला, "बांध पायाखाली थरथरायला लागला होता. मी पोतं खाली ठेवलं. बंदूकवाला म्हणाला, उचल. मी म्हटलं, माझी माणसं खाली आहेत. तो पुन्हा म्हणाला, उचल. मी चालायला लागलो. त्याने चाप मागे ओढला तो आवाज ऐकला मी, नोरा. पाठ अशी गार पडली. तरी चाललो. होडी सोडवली आणि आलो."

मग तो तारेला धरून जवळ आला. "जूबलने मला तुझं गाणं म्हणून दाखवलं, तुझं खरं. तू फाटकाशी त्याला शिकवलंस ना? चांगलं आहे. पण त्यात मी नुसता नेलेला आहे. बांधावर नेला, तुरुंगात नेला, जसा कोणी बैल नेतो. तुझ्या बहिणीच्या गाण्यात निदान मी स्वतःच्या पायांनी जातो! दिशा तेवढी चुकवलीय तिने. आयुष्यात एकदाच मी माझ्या मनाने कुठे गेलो, आणि तुम्ही दोघी बहिणींनी मिळून तेच गाण्यातून काढून टाकलंत."

वेळ संपल्याची घंटा झाली. शिपाई ओरडला. मी तार सोडली आणि फाटकाकडे वळले.

परतताना रस्ताभर मी रडले असेन असं तुला वाटत असेल. नाही. मला संताप आला होता, आणि या खेपेला तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. लँगडनवर आहेच. कप्तानावर आहेच. न्यायाधीशावर, ज्याने सहा जीव वाचवणारी होडी मोजली आणि जीव मोजले नाहीत, त्याच्यावर मरेपर्यंत राहील. पण आपल्या दोघींवरही आला. आपल्याला त्याच्याबद्दल गायचं होतं, आणि एकीनेही त्याला विचारलं नाही.

आज सकाळी धुणं धुताना नवं रचलं. चाल तीच. ती आपली आहे, कागदावर कोणाचंही नाव असो. शब्द मात्र सगळे बदलले. ते या पत्रात लिहिणार नाही. तू मागू नकोस. आधी ते त्याला म्हणून दाखवणार, आणि तो हो म्हणाला तरच ते गाणं होईल.

तुला नोकरी नाही, थेटर नाही, मग तिथे बसून काय करतेस? घरी ये. आईची खोली गाळ काढून साफ केलीय. मी भांडेन, ते गृहीत धर. पण पुढच्या पहिल्या रविवारी माझ्याबरोबर नऊ मैल चल, कुंपणाशी उभी राहा, आणि काय झालं ते त्याच्याच तोंडून ऐक. घाईने धावत यायची गरज नाही. अजून चार वर्षं आहेत. आयसम तिथेच भेटेल, तो कुठे पळून जात नाही.

तुझी,
नोरा